केटी लागलेल्यांचा अर्ज

दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीत, म्हणजे तिसऱ्या गणितात, केटी लागली, ती सुटेपर्यंत दुसऱ्या विषयात लागली आणि पदवी फर्स्ट क्लासच्या काठाला धरून कशीबशी संपली. आता नोकरीत दोन वर्षं झालीत आणि एमबीएचं मनात आहे. मुंबई-पुण्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या अशा मुलामुलींना ठरलेले दोन सल्ले मिळतात. पहिला घरातून येतो: आयआयएमचं नाव काढू नका, तिथे दहावीपासून नव्वदच्या पुढे असणाऱ्यांचीच रांग लागते. दुसरा क्लासमधून येतो: मार्कांचं विसरा, नव्याण्णव पर्सेंटाइल आणा, मागचं सगळं धुऊन निघतं.

दोन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे आणि दोन्ही उथळ आहेत. पहिल्याला संस्था-संस्थांमधला फरक दिसत नाही, दुसऱ्याला मार्कशीट-मार्कशीटमधला. या लेखाचा दावा असा, की कमी गुणांच्या अर्जाचं काय होणार हे गुण किती कमी आहेत यापेक्षा ते कोण वाचतं आणि कसं वाचतं यावर जास्त अवलंबून असतं. काही संस्था गुण सूत्रात घालतात. तिथे कारणं सांगायला जागाच नसते. काही संस्थांत अर्ज माणूस वाचतो. तिथे कारणं सांगता येतात, पण वजन पडतं ते पुराव्याचं. बहुतेक अर्जदार नेमकं उलटं करतात. सूत्रापुढे गाऱ्हाणं मांडतात आणि माणसापुढे नुसता आकडा.

१. पात्रता वेगळी, निवड वेगळी

घरच्या सल्ल्यापासून सुरुवात करू. आयआयएमची प्रवेश परीक्षा कॅट देण्यासाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीची खुल्या प्रवर्गासाठीची अटही ५० टक्क्यांचीच आहे. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयच्या पात्रतेत तर पदवीच्या किमान टक्क्यांचा उल्लेखच नसतो. म्हणजे एकसष्ट टक्केवाल्याला दार बंद आहे हे म्हणणं नियमाच्या पातळीवर सरळ चूक आहे.

पण पात्रता म्हणजे फक्त फॉर्म भरण्याची मुभा. २०२४ च्या कॅटला सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले. आयआयएम अहमदाबादच्या मुख्य दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या आसपास. या दोन आकड्यांच्या मध्ये जी चाळणी लागते ती माणसांच्या हातची असूच शकत नाही. तीन लाख अर्ज वाचायला प्राध्यापक आणायचे कुठून? म्हणून सूत्र. उलट हार्वर्ड बिझनेस स्कूलकडे वर्षाला साधारण आठ ते दहा हजार अर्ज येतात आणि जागा नऊशेच्या वर आहेत. तिथे प्रत्येक अर्ज उघडून वाचणं अवघड असलं तरी शक्य आहे. भारतीय संस्था गुणांना फार महत्त्व देतात आणि अमेरिकी संस्था व्यक्तिमत्त्वाला, असा जो सरधोपट भेद केला जातो, त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. ज्याला अर्ज करायचा आहे त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: माझा अर्ज माणसाच्या हातात नेमका कोणत्या टप्प्यावर पडणार?

२. सूत्राला कारणं ऐकू येत नाहीत

अहमदाबादचं उदाहरण जवळून पाहावं असं आहे, कारण ही संस्था आपलं सूत्र उघडपणे जाहीर करते. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना अलीकडच्या सत्रांत कॅटच्या गुणांना ६५ टक्के भार मिळाला आहे आणि उरलेले ३५ टक्के अर्जाच्या गुणांकनाला. हे गुणांकन मुख्यतः दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभव यांच्या बेरजेतून निघतं.

आता दहावीचे टप्पे बघा. ७० च्या वर आणि ८० पर्यंत टक्के असतील तर ५ गुण. ८० च्या वर, ९० पर्यंत असतील तर ८. नव्वदच्या वर १०. म्हणजे ७९.८ टक्केवाल्याला ५ आणि ८०.२ वाल्याला ८. पण ८०.२ वाल्यात आणि ८९.९ वाल्यात फरक शून्य. भूमितीच्या पेपरात एका प्रमेयाचे दोन गुण गेले म्हणून पुढे सात-आठ वर्षांनी जे तीन गुण जातात, ते ढोबळ हिशेबाने कॅटमधल्या दोनेक प्रश्नांच्या किमतीचे ठरतात. मुलाखतीच्या यादीच्या कडेवर असलेल्याला दोन प्रश्न म्हणजे पुष्कळ झाले. त्या वर्षी घरात आजारपण होतं की शाळेला गणिताचे शिक्षकच नव्हते, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

याच सूत्रात एक गोष्ट मात्र अजून अर्जदाराच्या हातात असते. अनुभवाचे गुण साधारण वर्षभराच्या नोकरीनंतर सुरू होतात आणि छत्तीस महिन्यांना पाचपर्यंत पोचतात. ज्याची दहावी-बारावी-पदवी तिन्ही लंगडी आहेत त्याने पदवी हातात पडताच कॅटमागे धावण्यापेक्षा तीन वर्षं नीट नोकरी करून मग अर्ज करणं, हा निव्वळ बेरीज-वजाबाकीचा सल्ला आहे. क्लासवाले तो सहसा देत नाहीत. तीन वर्षं थांबलेल्या मुलाची यंदाची फी बुडते.

बाकीच्या संस्थांची गणितं वेगळी आहेत, आणि ती वेगळी आहेत हेच लोक विसरतात. बंगळुरू दहावी-बारावीचे गुण आधी त्या-त्या बोर्डाच्या वरच्या गुणांच्या तुलनेत ताडून घेतं. त्यामुळे हात आखडून मार्क देणाऱ्या बोर्डाच्या मुलाचं नुकसान थोडं भरून निघतं. कोलकात्याने अनेक सत्रांत मुलाखतीची यादी काढताना दहावी-बारावी मोजली, पण पदवीचे गुण मोजले नाहीत. दिल्लीच्या एफएमएसचा रिवाजही बरीच वर्षं तसाच राहिला. म्हणजे शाळेत हुशार आणि कॉलेजात घसरलेला मुलगा अहमदाबादला मार खाईल तिथे कोलकात्याला जवळजवळ निर्लेप ठरेल; शाळेत साधारण आणि कॉलेजात चमकलेल्या मुलीचं याच्या उलट होईल. ही धोरणं दर वर्षी थोडी बदलतात. पण ती संस्थांच्या संकेतस्थळांवर छापील स्वरूपात असतात, आणि कॅटच्या तयारीत हजारो प्रश्न सोडवणारी मुलं ती दहा पानं वाचत नाहीत हे आश्चर्यच म्हणायचं.

महाराष्ट्रातल्या मुलांना आणखी एक वाट आहे. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने सुरू केलेली जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट, तिच्या शेजारची सिडनहॅम, पुण्याची पुम्बा, यांचे प्रवेश राज्याच्या सीईटीवर आणि केंद्रीय फेऱ्यांतून होतात. मुलाखत नाही, निबंध नाही, दहावीचा भार नाही. पात्रतेचा उंबरठा ओलांडला की सीईटीचा पर्सेंटाइल बोलतो. 'मागचं सगळं धुऊन निघतं' हे वाक्य कुठे खरं असेल तर इथे. त्याची किंमतही इथेच मोजावी लागते: बजाजचा कटऑफ नव्याण्णवच्या पुढे दशांशात भांडतो, आणि परीक्षेच्या दिवशी ताप आला तर तेही ऐकायला कोणी नसतं.

सूत्राची मर्यादा आता आणखी ठळक होईल. २०२१ साली कोविडमुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला निम्मा भार आणि उरलेला अंतर्गत मूल्यमापनाला, अशा हिशेबाने निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. बारावीचंही त्या वर्षी तसंच झालं. २०२१ ला दहावी झालेली मुलं २०२६ ला बीकॉम, २०२७ ला इंजिनिअर होतील आणि त्यांचे ते गुण सूत्रात जातील. त्या वर्षी ज्या शाळेने सढळ हाताने अंतर्गत गुण दिले तिथल्या मुलाचे ९२ आणि ज्या शाळेने कसून दिले तिथल्या मुलीचे ७८, यांत बोर्ड एकच, वर्ष एकच, परीक्षा मात्र कोणीच दिलेली नाही. बंगळुरूसारखी बोर्डावर बोर्ड ताडण्याची पद्धतही इथे उपयोगी पडत नाही, कारण फरक बोर्डांतला नाहीच, शाळांतला आहे.

३. एका ६.४ चे तीन अर्थ

टक्के निदान टक्के असतात, अशी समजूत असेल तर सीजीपीएचा प्रकार पाहावा. समजा, एकाचा सीजीपीए दहापैकी ६.४ आहे. एआयसीटीईच्या जुन्या सूत्राने त्यातून ०.७५ वजा करून दहाने गुणलं तर होतात ५६.५ टक्के. सीबीएसईने रूढ केलेल्या ९.५ च्या गुणकाने होतात ६०.८. आणि कॅटचा नियम असा, की विद्यापीठाचं स्वतःचं रूपांतरसूत्र असेल तर ते वापरायचं; असं सूत्र नाही असं विद्यापीठाने कळवलं तर सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभराने गुणायचं. तसे होतात ६४. एकच मुलगा, तीच उत्तरपत्रिका. एका हिशेबाने सेकंड क्लास, दुसऱ्याने फर्स्ट क्लास, तिसऱ्याने आणखी वर.

यात अर्जदाराने निवड करायची नसते. आपल्या विद्यापीठाचा नियम पाळायचा असतो. फॉर्ममध्ये सोयीचं सूत्र वापरणाऱ्यांचा प्रवेश कागदपत्रांच्या तपासणीत रद्द होऊ शकतो. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कमी गुण म्हणजे किती कमी, हा आकडा निसर्गदत्त नसून कोणाच्या तरी कार्यालयात ठरलेला असतो. विद्यापीठाचं रूपांतराचं परिपत्रक मिळवणं, त्यावर शिक्का घेणं ही कंटाळवाणी कामं आहेत. साठच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांसाठी ती निबंध घोटण्यापेक्षा जास्त मोलाची.

४. माणूस वाचतो तेव्हा

परदेशी अर्ज करणाऱ्यांना धसका असतो तो ३.७ चा. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या वर्गांचा सरासरी जीपीए ३.७ च्या घरात किंवा त्याहून वर छापला जातो. आपल्याकडचा बासष्ट टक्केवाला आपल्या टक्क्यांना चाराने गुणतो, शंभराने भागतो, २.५ काढतो आणि विषय संपवतो. इथे दोन चुका होतात. एक, ही छापील सरासरी चाराच्या मापावर गुण देणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांतून आलेल्यांची असते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचा विद्यार्थी तिच्यात धरलेलाच नसतो. दोन, मोठ्या शाळा आपले गुण आपण रूपांतरित करू नका, मार्कशीटवर आहेत तसेच लिहा, असं सांगतात. अर्ज वाचणारा माणूस वर्षानुवर्षं भारतातले अर्ज वाचत आलेला असतो; आपल्याकडे साठ टक्के म्हणजे नापास नव्हे, फर्स्ट क्लास, हे त्याला ठाऊक असतं.

यामागे क्रमवारीचं राजकारणही आहे. 'यूएस न्यूज'च्या बिझनेस स्कूल क्रमवारीत विद्यार्थ्यांच्या सरासरी जीपीएला आणि प्रवेश परीक्षांच्या गुणांना भार असतो. कमी जीपीएचा अमेरिकी विद्यार्थी घेतला की शाळेची सरासरी घसरते. चाराच्या मापाबाहेरच्या भारतीयाचे टक्के त्या सरासरीला धक्का लावत नाहीत; त्याचे जीमॅट या प्रवेश परीक्षेतले गुण मात्र लावतात. भारतीय इंजिनिअर पुरुषांमध्ये चढाओढ प्रचंड आहे आणि त्यात कमी गुण नडतातच. पण नडतात ते सरासरीमुळे नव्हे, शेजारच्या अर्जामुळे.

देशातही माणसाने वाचायच्या जागा आहेत. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा मुख्य अभ्यासक्रम अनुभवी उमेदवारांसाठी आहे आणि तिथे निबंध व शिफारस वाचली जाते. अंधेरीची एसपीजेआयएमआर उमेदवाराची एकूण प्रोफाइल पाहून बोलावते. आणि अहमदाबादसुद्धा मुलाखतीच्या यादीपुरतीच सूत्रावर विसंबते. अंतिम निवडीत अलीकडच्या सत्रांत निम्मा भार मुलाखतीला राहिला आहे. कॉल आला म्हणजे सूत्राचं काम बहुतेक संपलं. पुढचं बोलणं माणसांशी.

५. शंका नेमकी कोणती?

माणूस कमी गुण पाहतो तेव्हा त्याच्या मनात तीन वेगवेगळ्या शंका येऊ शकतात, आणि प्रत्येकीला वेगळा पुरावा लागतो. सगळ्यांना एकच उत्तर देणारे अर्ज इथेच फसतात.

पहिली शंका: याला अभ्यास झेपेल का? पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र, हिशेब, वित्त अंगावर येतं. इथे उत्तर फक्त त्याच जातीच्या पुराव्याने देता येतं. कुन्सेल, क्रेडे आणि थॉमस यांनी २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून असं दाखवलं, की व्यवस्थापन शाळेतल्या यशाचा अंदाज पदवीच्या गुणांपेक्षा जीमॅटवरून अधिक चांगला येतो, आणि दोन्ही मिळून त्याहून चांगला. कमी गुणवाल्याला या निष्कर्षात दिलासा आहे आणि इशाराही: परीक्षेचे गुण भरपाई करतात, पदवीचे गुण पुसत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅट नव्या रूपात आलं आहे, गुणांचं माप २०५ ते ८०५. त्यात गणिताचा भाग वेगळा दिसतो, आणि एम-थ्रीत केटी लागलेल्याने एकूण आकड्याआधी तो भाग सांभाळावा. जोडीला परीक्षा देऊन पुरा केलेला संख्याशास्त्राचा किंवा हिशेबाचा अभ्यासक्रम. हार्वर्डच्या ऑनलाइन शाखेचा 'कोअर' त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण आयआयटींचा एनपीटीईएल आणि 'स्वयम्'वरचे आयआयएम बंगळुरूचे अभ्यासक्रमही केंद्रावर बसवून परीक्षा घेतात. नुसते व्हिडिओ पाहून मिळवलेली बारा प्रमाणपत्रं इथे काही सिद्ध करत नाहीत. पर्यवेक्षकासमोर दिलेली एक परीक्षा करते.

दुसरी शंका: झेपतं, पण हा नेट लावतो का? प्रवेश परीक्षेत नव्याण्णव आणि पदवीला अठ्ठावन्न, अशी जोडी काहींना अभिमानाची वाटते. वाचणाऱ्याला ती धोक्याची वाटू शकते: हुशार आहे, चार वर्षं बसून काम करत नाही. या शंकेला जीमॅटचं उत्तर चालत नाही. उलट जीमॅट जितका वर तितकी शंका गडद. इथे कल पाहिला जातो. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला ५.८, सातव्या-आठव्याला ७.९, ही चढण स्वतःच बोलते. ती नसेल तर नोकरीतला सलगपणा: एकाच ठिकाणी तीन वर्षं, वाढलेली जबाबदारी, आणि वरिष्ठाच्या शिफारसपत्रात नेमका प्रसंग. 'मेहनती आहे' हा शेरा सगळेच देतात. 'ऑडिटच्या महिन्यात तिन्ही गोदामांचा साठा हिनेच जुळवला' असं कोणी लिहिलं तर वाचणारा पेन्सिलीने खूण करतो.

तिसरी शंका सर्वांत लहान दिसते आणि सर्वांत जास्त अर्ज बुडवते. हा खरं सांगतो का? बहुतेक अर्जांत जादा माहितीसाठी एक जागा असते. तिथे काय झालं, केव्हा झालं, त्यानंतर काय बदललं, एवढंच पाच-सहा वाक्यांत लिहायचं असतं. लोक तिथे दीड पान करुणकहाणी लिहितात किंवा विद्यापीठाच्या पेपर तपासणीवर खापर फोडतात. विद्यापीठाची तपासणी ढिसाळ असेलही. शेजारच्या बाकावरच्याला त्याच विद्यापीठाने ७४ दिलेले असतात आणि त्याचा अर्जही त्याच गठ्ठ्यात असतो.

मुलाखतीत या तिन्ही शंका एका प्रश्नात येतात. पॅनेलपुढे मार्कशीट असते. बोट केटीच्या ओळीवर थांबतं. 'एम-थ्री दोनदा? बरं, लाप्लास ट्रान्सफॉर्म कशासाठी वापरतात?' त्या वर्षी डेंगी झाला होता, हे उत्तर खरं असूनही कामाचं नाही. समोरचा कागद ओढून व्याख्या लिहिली, अवघड अवकल समीकरण त्यामुळे साध्या बीजगणितात कसं उतरतं हे दोन ओळींत दाखवलं, आणि मग हवं तर डेंगीचं सांगितलं, तर केटीची ती ओळ तिथेच मिटते. ज्या विषयात गुण कमी, तोच विषय मुलाखतीआधी पुन्हा उघडायचा, हे इतकं उघड असूनही बहुतेक मुलं त्या महिन्यात चालू घडामोडी पाठ करत बसतात.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: म्हणजे गुणांना काही अर्थ नाही, असं म्हणायचं आहे का? मुळीच नाही. रॉथ आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली गुण आणि नोकरीतली कामगिरी यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. दोन्हींत नातं आहे, बेताचं आहे, आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात ते जास्त स्पष्ट दिसतं. पुढे विरत जातं. यातून निघतं ते एवढंच, की बाविसाव्या वर्षी गुणांना जे महत्त्व द्यावं तेच अठ्ठाविसाव्या वर्षी देणं अडाणीपणाचं आहे. अठ्ठाविसाव्या वर्षीच्या अर्जात दहावीचे गुण मोजणं तर त्याहून.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ही सगळी भरपाई पैशाने होते. जीमॅटची एक फेरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास, 'कोअर' दोन हजार डॉलरच्या वर, सल्लागारांची फी वेगळीच. मग दुसरी संधी ही ऐपत असलेल्यांचीच चैन नव्हे का? बऱ्याच अंशी आहे, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. एनपीटीईएलची परीक्षा हजार रुपयांत होते, सीईटी त्याच पट्टीत बसते आणि छत्तीस महिन्यांच्या नोकरीला फी लागत नाही, हे खरं. पण घरी पैसे पाठवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करावा लागतो आणि ज्याच्यावर नाही तो वर्षभर घरी बसून कॅट देतो. कोणतंही सूत्र हा फरक मोजत नाही. माणूस वाचतो तिथे तो सांगता येतो, आणि तिथे तो न सांगणं हा मराठी घरातला उगाचचा संकोच आहे. कॉलेज करताना संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसत होतो, ही बाब लाजेची नसून तासांच्या हिशेबाची आहे. आठवड्याचे किती तास, किती वर्षं, ते आकड्यात लिहावं.

तिसरा आक्षेप यशोगाथांचा. चार केट्या असलेला अमुक तमुक आयआयएमला गेला, मग एवढी चिकित्सा कशाला? कारण चार केट्या असूनही न गेलेल्यांच्या मुलाखती कोणी छापत नाही. गेलेल्याचं उदाहरण रस्ता आहे एवढं सांगतं. तो किती रुंद आहे हे सांगत नाही.

चौथा आक्षेप या लेखाच्याच गृहीतकावर येतो. माणूस संदर्भासह वाचतो, हे कशावरून? इथे पुरावा गैरसोयीचा आहे. स्विफ्ट, मूर, शारेक आणि जीनो यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की सढळ गुण देणाऱ्या कॉलेजातल्या अर्जदाराला अनुभवी निवडकर्तेही जास्त सक्षम समजतात. त्या कॉलेजची सरासरी समोर असूनही ती पुरेशी वजा करत नाहीत. खऱ्या एमबीए प्रवेशांच्या आकडेवारीतही तोच कल आढळला. (या चौघांतल्या एका लेखिकेवर पुढे दुसऱ्या काही निबंधांतल्या आकड्यांबाबत गंभीर आरोप झाले, हा निबंध त्यांत नव्हता. तरी वाचकाने ते लक्षात ठेवावं.) प्रिन्स्टनने २००४ मध्ये ए श्रेणीच्या गुणांवर ३५ टक्क्यांची मर्यादा घालून पाहिली आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली. बाहेरचे लोक आपले गुण आखडते म्हणून वाचत नाहीत, कमी म्हणूनच वाचतात, ही तिथल्या विद्यार्थ्यांची मुख्य भीती होती.

या आक्षेपाने लेखाचा दावा मोडत नाही, पण अर्जदाराचं काम वाढतं. वाचणारा संदर्भ आपणहून जोडेल यावर विसंबता येत नाही, तो हातात द्यावा लागतो. '६१ टक्के' असं न लिहिता '६१ टक्के, विभागातल्या ११८ जणांत सतरावा' असं लिहिता आलं तर वाचणाऱ्याला वजाबाकी करावीच लागत नाही. विभागप्रमुखाकडून तसं पत्र घेता येतं. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकाला हा एक आकडा घालायला सांगता येतो. सतरावा असेल तर, अर्थात. शंभरावा असेल तर हा उपाय नाही, आणि मग पाचव्या भागाकडे परत जावं लागतं.

७. विद्यापीठांकडे एक मागणी

इथवर सगळा भार अर्जदारावर टाकला आहे, आणि तो अन्याय आहे. सतरावा क्रमांक मिळवायला मुलाने विभागप्रमुखाच्या दाराशी का उभं राहावं? अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर त्याच्या श्रेणीशेजारी त्या वर्गाची मध्यम श्रेणी आणि वर्गातली संख्याही छापत आलं आहे. कागद तोच, जादा रकाने दोन. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे निकाल संगणकावरच तयार होतात; प्रत्येक विषयाच्या गुणांशेजारी त्या परीक्षेची सरासरी छापायला नवी यंत्रणा लागत नाही. एम-थ्रीत ४२ मिळालेल्याच्या शेजारी सरासरी ३९ छापलेली असेल तर ते ४२ वेगळे वाचले जातील. सरासरी ६३ असेल तरीही वेगळे वाचले जातील, आणि तेही योग्यच होईल. २०२१ च्या दहावीच्या तुकडीचे अर्ज आयआयएमकडे जायला लागत आहेत; विद्या परिषदांनी हा विषय पुढच्याच बैठकीत घ्यावा.